यू-१८०: नेताजींना नेणारी पाणबुडी आणि तिची १२० सिलिंडर्स

सिंधुसागर:

नेताजी सुभाषचंद्र बोस जर्मनीतून पाणबुडीने आशियात आले, हे शाळेपासून आपल्याला ठाऊक आहे. जपानी पाणबुडीच्या खलाशांबरोबरचा त्यांचा ग्रुप फोटोही बहुतेकांनी पाहिलेला असतो. पण त्या प्रवासाचा मोठा पल्ला, म्हणजे जर्मनीपासून मादागास्करच्या पलीकडपर्यंतचा, ज्या बोटीने पार पाडला तिचं नाव विचारलं तर सहसा उत्तर येत नाही. तिचं नाव यू-१८०. मला तिच्याविषयी नेताजींच्या आधीपासून आकर्षण आहे, कारण जर्मन नौदलाने बांधलेल्या अत्यंत विचित्र पाणबुड्यांपैकी ती एक होती. म्हणून हा धागा.

दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन पाणबुड्या म्हटलं की टाइप सात डोळ्यांसमोर येते. लांबी ६७ मीटर, चपळ, अटलांटिकमधल्या काफिल्यांवर तुटून पडणारी. तिच्याहून मोठी जात म्हणजे टाइप नऊ. दुहेरी सांगाडा, आत पाण्याचा दाब सोसणारा नळकांड्यासारखा हल, म्हणजे बोटीचं धड, आणि त्याभोवती इंधनाच्या व बॅलास्टच्या (बुडी मारण्यासाठी पाणी भरून घ्यायच्या) टाक्या. दूरच्या समुद्रात एकटीने जाऊन महिनोन्महिने राहायचं, हे तिचं काम. टाइप नऊ-सी ची लांबी जवळपास ७७ मीटर होती.

या जातीला आणखी लांबवून डी प्रकार काढला. लांबी ८७.५ मीटर, पृष्ठभागावर वजन १६१० टन. पुढे चार आणि मागे दोन टॉर्पेडो नळ्या, एकूण २४ टॉर्पेडो, डेकवर १०.५ सेंटिमीटरची तोफ. डी चेही दोन पोटप्रकार होते. डी-२ हा दूर पल्ल्याचा. त्यात मान कंपनीची दोन मोठी डिझेल इंजिनं आणि जोडीला सावकाश चालीसाठी दोन छोटी. १२ नॉट (म्हणजे ताशी १२ सागरी मैल) वेगाने २३,००० सागरी मैलांहून जास्त मजल. युरोपातून निघून हिंदी महासागरात शिकार करून परत येण्याइतकी.

डी-१ मात्र वेगासाठी काढला. जर्मन आरमाराला अशी पाणबुडी हवी होती जी पृष्ठभागावर वेगवान व्यापारी जहाजांनाही गाठू शकेल. मोठ्या इंजिनांनी तो वेग मिळेना, म्हणून त्यांनी हात घातला तो टॉर्पेडो बोटींच्या इंजिनांना. इंग्रज ज्यांना ई-बोट म्हणायचे, त्या झपाट्याने पळणाऱ्या जर्मन बोटींत मर्सिडीज-बेंझचं एमबी ५०१ हे डिझेल इंजिन असे. व्ही आकाराचं, २० सिलिंडर्सचं, मिनिटाला सोळाशेच्या आसपास फेरे घेणारं. ताकदीच्या मानाने वजनाला अतिशय हलकं. अशी सहा इंजिनं यू-१८० मध्ये बसवली, प्रत्येक पंख्याच्या दांड्याला गिअरने तीन-तीन जोडून.

म्हणजे एका पाणबुडीत १२० सिलिंडर्स! टाइप नऊ-सी मध्ये नऊ सिलिंडर्सची दोन इंजिनं, मिळून १८. फेरे मिनिटाला ४७०.

आणि या खटाटोपातून पदरात काय पडलं? नऊ-सी ची ताकद ४४०० अश्वशक्ती, वेग १८.३ नॉट. यू-१८० ची ताकद ९०००, म्हणजे दुपटीहून जास्त, आणि वेग २०.८ नॉट. सगळं मिळून अडीच नॉट. जहाजाचा वेग वाढला की पाण्याचा, विशेषतः त्याने उठवलेल्या लाटांचा, विरोध फार वेगाने वाढत जातो. शेवटच्या दोन-तीन नॉटसाठी सगळी ताकद खर्ची पडते. हे गणित त्या काळच्या नौकाबांधणीकारांना पूर्ण माहीत होतं, तरीही ती बांधली गेली.

अशा पाणबुड्या फक्त दोन झाल्या: यू-१८० आणि यू-१९५. दोन्ही ब्रेमेनच्या ए.जी. वेझर गोदीत. यू-१८० नौदलात दाखल झाली १६ मे १९४२ रोजी, कमांडर वेर्नर मुझेनबेर्ग.

९ फेब्रुवारी १९४३. कील बंदरातून यू-१८० निघाली तेव्हा तिच्यावर दोन भारतीय होते, नेताजी आणि आबिद हसन. नेताजींच्या मागे व्हिएन्नात पत्नी एमिली आणि अडीच महिन्यांची अनिता. स्टालिनग्राडमध्ये जर्मन सैन्याने शरणागती पत्करून आठवडा झाला होता. नॉर्वेचा किनारा, तिथून उत्तरेकडून वळसा घालून अटलांटिक, मग थेट दक्षिणेकडे आणि आफ्रिकेचं टोक ओलांडून हिंदी महासागर. अडीच महिने.

वाटेत, १८ एप्रिलला, दक्षिण आफ्रिकेजवळ मुझेनबेर्गने कॉर्बिस हे ८१३२ टनांचं ब्रिटिश तेलवाहू जहाज बुडवलं. त्यावरचे बहुतेक खलाशी मेले. नेताजी त्या वेळी बोटीवरच होते. आपल्याकडे हा प्रवास सांगताना हा भाग बहुधा गाळला जातो. तो गाळू नये असं मला वाटतं.

२६ एप्रिलला मादागास्करच्या आग्नेयेला जपानी आय-२९ भेटली. समुद्र इतका खवळलेला होता की दोन्ही बोटी जवळ आणणं अशक्य. अखेर २८ तारखेला, दोन पाणबुड्यांच्या दरम्यान दोर बांधून, रबरी तराफ्यातून नेताजी आणि हसन पलीकडे गेले, नखशिखान्त भिजून. उलट्या दिशेने दोन जपानी नौदल अधिकारी, सुमारे दोन टन सोनं आणि इतर सामान यू-१८० वर आलं.

मग परतीची वाट. ३ जूनला दक्षिण अटलांटिकमध्ये बोरिस हे ग्रीक जहाज बुडवून, जुलैच्या सुरुवातीला ती फ्रान्समधल्या बोर्दो बंदरात पोचली. योगायोग असा की त्याच दिवसांत नेताजी सिंगापूरला उतरत होते.

तिथून पुढचं प्रतिसादांत लिहितो. इंजिनांचं काय झालं ते विशेष आहे. नौदलातली मंडळी इथे आहेत, त्यांनी जरूर भर घालावी.

अनुजा_प:

फार सुंदर धागा. ग्रुप फोटो जपानी बोटीवरचा आहे हे माहीत होतं, पण अडीच महिने दुसऱ्याच बोटीत काढले याचा कधी विचार केला नव्हता. दोन प्रश्न. जिचा वेग २० नॉट, तिला इतके दिवस का लागले? आणि नेताजींसारखा माणूस त्या नळकांड्यात अडीच महिने करत काय होता?

सिंधुसागर:

अनुजाताई, २० नॉट हा पूर्ण दमाने पळतानाचा वेग. त्या वेगाने गेलं तर इंधन अर्ध्या वाटेत संपेल. लांबच्या सफरीत सावकाशच जायचं. त्यातून विमानांची भीती असेल तिथे दिवसा पाण्याखाली राहायचं आणि पाण्याखाली बॅटरीवर ६.९ नॉट हा कमाल वेग, तोही थोडाच वेळ. चार नॉटने गेलं तर सव्वाशे मैलांच्या आतच बॅटरी रिकामी होते. मग वर येऊन डिझेल चालवून ती भरायची. त्या काळच्या पाणबुड्या खरं तर पृष्ठभागावरच्याच बोटी होत्या, गरज पडली की बुडी मारणाऱ्या. त्यातही टाइप नऊ सुस्त. बुडायला ३५ सेकंद घ्यायची, टाइप सातला तीसही लागत नसत. डोक्यावर विमान असेल तेव्हा हा फरक जीवन-मरणाचा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आबिद हसन यांच्या आठवणींत आहे. ते मूळचे हैदराबादचे, जर्मनीत इंजिनिअरिंग शिकायला गेलेले. 'जय हिंद' हे अभिवादन सुचवण्याचं श्रेय त्यांनाच दिलं जातं. स्वातंत्र्यानंतर ते भारताच्या परराष्ट्र सेवेत होते. त्यांनी सांगितलंय की आत शिरल्याबरोबर पहिली जाणीव होती ती डिझेलच्या वासाची. पांघरुणाला तो वास, पावालाही तो वास. नेताजींना जेवण जाईना म्हणून हसन यांनी बोटीच्या कोठारात शोधाशोध केली, तर तांदूळ आणि डाळ सापडली. त्यावर काही दिवस निभावले. बाकी वेळ नेताजी लिहीत, मजकूर सांगत, हसन टिपून घेत. पुढे काय बोलायचं, कुणाला कसं भेटायचं याची तयारी चालू होती. जपानी पंतप्रधानांशी काय बोलणी करायची याचाही त्यांनी सराव केला, असं ते सांगतात.

खलाशीकाका:

मी भारतीय नौदलात फॉक्सट्रॉट वर्गाच्या पाणबुड्यांवर इंजिनरूममध्ये नोकरी केली. त्या रशियन बोटी, यांच्याहून मोठ्या आणि नव्या, पण जात तीच. डिझेल-इलेक्ट्रिक, तीन डिझेल, तीन दांडे. म्हणून थोडं लिहितो.

वासाबद्दल हसनसाहेबांनी लिहिलंय ते शंभर टक्के खरं. डिझेल, घाम, स्वयंपाक, बॅटरीचं ॲसिड, बिल्जमधलं, म्हणजे बोटीच्या तळात साचलेलं, पाणी, सगळं मिसळून जो वास होतो तो घरी आल्यावर चार वेळा अंघोळ केली तरी कातडीतून जात नाही. गोडं पाणी मोजून मिळायचं. बंद हलमध्ये माणसाचा श्वास भिंतींवर थंड होऊन ठिबकतो, त्यामुळे कपडे कायम ओलसर.

आता इंजिनांविषयी. धागाकर्त्याने १२० सिलिंडर्स लिहिलं तिथे मी वाचता वाचता थांबलो. एका सिलिंडरला किती गोष्टी असतात बघा. पिस्टन, रिंगा, लायनर, इंजेक्टर, आत-बाहेरचे व्हॉल्व्ह, त्यांच्या स्प्रिंगा, गॅस्केट, थंड पाण्याचे जोड. यातलं प्रत्येक कधी ना कधी बिघडणार. सफरीवर असताना इंजेक्टर काढून साफ करणं, व्हॉल्व्ह घासणं ही रोजचीच कामं. ती १८ सिलिंडर्सवर करणं आणि १२० सिलिंडर्सवर करणं यात किती अंतर आहे हे ज्याने पाना धरलाय त्यालाच कळेल. सुटे भाग ठेवायला जागा तेवढीच, माणसं तेवढीच.

शिवाय टॉर्पेडो बोट रात्री निघते, पळते, सकाळी बंदरात परत येते. इंजिन तिथे उघडून बघता येतं. पाणबुडीत तेच इंजिन आठवडेच्या आठवडे चालवायचं. शर्यतीच्या घोड्याला नांगराला जुंपल्यासारखं झालं हे. हलक्या, जास्त फेऱ्यांच्या इंजिनाचं आयुष्य दोन मोठ्या दुरुस्त्यांच्या मधल्या तासांत मोजतात आणि ते तास भराभर संपतात.

उष्णतेचंही तेच. सहा इंजिनांची गरमी एका बंद डब्यात. अरबी समुद्रात आमच्या इंजिनरूममध्ये रेलिंगला उघडा हात लावायची सोय नसे. बाहेरचं पाणीच गरम, ते थंड काय करणार? त्या पोरांनी विषुववृत्त दोनदा ओलांडलं त्या सहा भट्ट्यांसह. बाजू कुठलीही असो, इंजिनरूमच्या माणसाबद्दल मला आतून वाटतं.

सिंधुसागर:

काका, तुमचा प्रतिसाद मूळ लेखाहून मोलाचा आहे.

तुम्ही म्हणता तेच झालं. मुझेनबेर्गच्या सफरीत तक्रारी याच होत्या: उष्णता, धूर आणि इंधनाचा खप. धूर तर पाणबुडीसाठी फारच वाईट. क्षितिजावर बोट दिसायच्या आधी धुराचा पट्टा दिसतो आणि लपण्याचा मूळ हेतूच संपतो. बोर्दोला परत आल्यावर नौदलाने निर्णय घेतला की ही इंजिनं नकोत. सहाच्या सहा काढली आणि त्या जागी गेर्मानियावेर्फ्टची सहा सिलिंडर्सची दोन साधी इंजिनं बसवली. १२० वरून एकदम १२. वेग १६ नॉटच्या खाली आला. टॉर्पेडो नळ्याही काढल्या. आता ती मालवाहू पाणबुडी झाली, सुमारे २५० टन माल नेणारी.

कारण तोवर युद्धच बदललं होतं. एकट्या मे १९४३ मध्ये जर्मनीने ४१ पाणबुड्या गमावल्या. विमानांवरच्या रडारमुळे पृष्ठभागावर धावायची सोयच उरली नव्हती, मग वीस नॉट घेऊन करायचं काय? दुसरीकडे, ब्रिटिश नाकेबंदी तोडून जपानकडून रबर, कथील, टंगस्टन, क्विनीन आणणारी जहाजं एकामागून एक बुडत होती. उरला मार्ग पाणबुडीचा.

मांडवीकाठ:

धागा आवडला. गोव्याचा एक दुवा याच काळातला आहे, म्हणून लिहिते.

यू-१८० अटलांटिकमधून खाली येत होती त्याच सुमारास, ८-९ मार्च १९४३ च्या रात्री, मुरगाव बंदरात एहरेनफेल्स जहाजावर हल्ला झाला. पोर्तुगाल तटस्थ असल्यामुळे युद्ध सुरू झाल्यावर तीन जर्मन जहाजं, एहरेनफेल्स, द्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स, आणि आन्फोरा हे इटालियन, मुरगावला येऊन थांबली होती. ब्रिटिशांना संशय होता की एहरेनफेल्सवरच्या रेडिओवरून पाणबुड्यांना जहाजांच्या हालचाली कळवल्या जातात. तटस्थ बंदरात उघड सैन्य पाठवता येईना, म्हणून कलकत्ता लाइट हॉर्स या हौशी दलातली वयस्क मंडळी, कचेरीत काम करणारे व्यापारी वगैरे, गोळा केली आणि कलकत्त्याहून भारताला वळसा घालत आलेल्या फीबी नावाच्या गाळ वाहणाऱ्या बार्जमधून मुरगावला आणली. एहरेनफेल्सचा कप्तान त्या झटापटीत मारला गेला. जर्मन खलाशांनी आपली जहाजं स्वतःच बुडवली.

वास्कोत हे जुन्या लोकांकडून ऐकत मोठे झालो आम्ही. पण त्या रेडिओमुळे नेमक्या किती बोटी बुडाल्या, याबद्दल छातीठोक आकडे सांगितले जातात, त्यांवर मी तरी विश्वास ठेवत नाही.

सिंधुसागर:

+१. तुमची शंका रास्त आहे. जर्मन पाणबुड्यांचा अरबी समुद्राकडे येणारा पहिला मोठा गट त्या हल्ल्यानंतर, १९४३ च्या उन्हाळ्यात युरोपातून निघाला. त्या गटाचं नावच 'मोन्सून' होतं, कारण पावसाळा ओसरल्यावर इथे पोचून हल्ले करायचे अशी योजना होती. अकरा निघाल्या, निम्म्याहून कमी हिंदी महासागरात पोचल्या. त्यांतली यू-५३३ ओमानच्या आखातात विमानाने बुडवली आणि एकच खलाशी वाचला. मार्चच्या आधी आपल्या बाजूच्या समुद्रात धोका होता तो मुख्यतः जपानी पाणबुड्यांचा.

बॅलार्डपियर:

जपानी पाणबुड्यांचा विषय निघाला आहे म्हणून. इतका वेळ गप्प होतो, पण आय-२९ चं नाव नुसतं येऊन जावं हे मला सहन होत नाही.

२० नोव्हेंबर १९४२ ला मुंबईहून तिलावा नावाचं प्रवासी जहाज पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेकडे निघालं. ९५८ माणसं. तिकडे कामधंद्याला जाणारे आपले लोक, त्यांच्या बायका, लहान मुलं. २३ तारखेच्या पहाटे, सेशेल्सच्या ईशान्येला, खोल समुद्रात टॉर्पेडो लागला. अंधार, धावपळ. जहाज लगेच बुडालं नाही, म्हणून होड्यांत उतरलेले काहीजण परत वर चढले. मग दुसरा टॉर्पेडो आला. २८० माणसं गेली. उरलेल्या ६७८ जणांना बर्मिंगहॅम ही ब्रिटिश क्रूझर आणि कार्थेज या जहाजांनी उचललं, आणि ते लोक मुंबईत परत आले.

तो टॉर्पेडो मारणारी पाणबुडी आय-२९ होती. पाच महिन्यांनी नेताजींना ज्या बोटीवर घेतलं, तीच. कप्तानही तोच, इझु.

नेताजींना हे माहीत असण्याचं काहीच कारण नाही आणि मी त्यांच्याबद्दल एक अक्षर वावगं बोलत नाही. त्यांच्यापुढे जो मार्ग होता तो त्यांनी घेतला. पण आपण जेव्हा आय-२९ चा तो हसऱ्या चेहऱ्यांचा फोटो लावतो, तेव्हा त्या २८० जणांचं नावही तिथे असावं असं मला फार वाटतं. मुंबईतून निघालेले लोक होते ते आणि मुंबईतल्या दहा माणसांनाही तिलावा हा शब्द माहीत नसतो.

अनुजा_प:

अंगावर काटा आला. मी मुंबईतच वाढले, खरोखरच हे नाव कधीही कानावर पडलं नव्हतं.

खलाशीकाका:

बॅलार्डपियर, तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. पाणबुडीवरच्या माणसाला पेरिस्कोपमधून दिसते ती फक्त आकृती, टनांचा आकडा. आत कोण बसलंय ते दिसत नाही. आमच्या प्रशिक्षणात जहाजांच्या आकृत्या ओळखायला शिकवत, चिमण्या किती, डोलकाठ्या कुठे. ते सगळं वजन आणि वेग काढण्यासाठी असतं. कॉर्बिसचे खलाशी आणि तिलावाचे प्रवासी, दोघांच्या बाबतीत हेच झालं.

सिंधुसागर:

बॅलार्डपियर, मनापासून आभार. मूळ लेखात कॉर्बिस लिहिलं आणि तिलावा लिहिलं नसतं तर धागा अपुरा राहिला असता. तिलावावर ६० टन चांदीही होती, दक्षिण आफ्रिकेच्या नाण्यांसाठी निघालेली. ती २०१७ मध्ये समुद्रतळावरून काढली गेली आणि तिच्या मालकीचा खटला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात २०२४ मध्ये निकाली निघाला, दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने. चांदीची दखल न्यायालयांनी घेतली. माणसांची यादी मात्र त्यांचे वंशज अजून जुळवत आहेत.

आय-२९ चा शेवट असा. १९४४ मध्ये ती दुसऱ्या कप्तानाच्या हाताखाली थेट फ्रान्सला, लोरियांला, जाऊन आली. परतताना तिच्यावर जर्मन जेट आणि रॉकेट विमानांची माहिती होती. सिंगापूरला एक अधिकारी काही कागद घेऊन विमानाने पुढे गेला तेवढंच जपानला पोचलं. २६ जुलै १९४४ रोजी फिलिपिन्सच्या उत्तरेला अमेरिकेच्या सॉफिश पाणबुडीने तिला बुडवलं.

यू-१८० तिच्यामागोमाग महिनाभरातच गेली. ऑगस्ट १९४४ मध्ये नॉर्मंडीतून दोस्त सैन्य फ्रान्समध्ये पसरत होतं, बोर्दो सोडणं भाग होतं. नव्या कमांडरसह, पोटात माल भरून ती जपानच्या दिशेने निघाली आणि बिस्केच्या उपसागरात नाहीशी झाली. ५६ जण होते, एकही वाचला नाही. सुरुंगावर गेली असावी असं मानतात, स्नॉर्केलमधला (पाण्याखाली असताना डिझेलसाठी वरून हवा ओढणाऱ्या नळीतला) बिघाड हीही शक्यता सांगितली जाते. तिची जुळी बहीण यू-१९५ त्याच सुमारास बोर्दोहून निघाली, ती मात्र जावाला पोचली आणि जर्मनीच्या पाडावानंतर जपान्यांनी ताब्यात घेतली.

जर्मनपाहुणा:

उत्तम चर्चा. एक शंका. यू-१८० वर आलेले ते दोन जपानी अधिकारी कोण? त्यांचं पुढे काय झालं?

सिंधुसागर:

दोघेही नौदल अधिकारी, एमी आणि तोमोनागा. हिदेओ तोमोनागा पाणबुडीबांधणीतला तज्ज्ञ होता. पाण्याखाली थांबलेल्या बोटीची खोली आपोआप राखणारी यंत्रणा हे त्याचं काम. इंजिन बंद करून स्थिर उभं राहायचं म्हणजे टाक्यांत पाणी थोडं घे, थोडं सोड, असा सततचा खेळ असतो. खलाशीकाका जास्त चांगलं सांगतील. जर्मनीत तो दोन वर्षं राहिला. परत निघाला यू-२३४ वरून, एप्रिल १९४५ मध्ये. त्या बोटीवर सुट्या भागांतलं जेट लढाऊ विमान होतं, ५६० किलो युरेनियम ऑक्साइड होतं. अटलांटिकमध्ये असतानाच जर्मनीने शरणागती पत्करली आणि कप्तानाने अमेरिकनांना शरण जायचं ठरवलं. तेव्हा तोमोनागा आणि त्याचा सहकारी शोजी या दोघांनी झोपेच्या गोळ्या घेऊन जीव दिला. जर्मन खलाशांनी त्यांना समुद्रात सन्मानाने निरोप दिला.

खलाशीकाका:

ट्रिम, म्हणजे पाण्याखाली बोटीचा तोल, राखणं ही पाणबुडीतली खरी कला. एखादा माणूस पुढून मागे चालत गेला तरी बोट कळत-नकळत झुकते. टॉर्पेडो सुटला की तेवढं वजन एकदम कमी होतं, लगेच पाणी आत घ्यावं लागतं, नाहीतर नाक वर येऊन बोट पृष्ठभागावर उघडी पडेल. पाण्याची घनताही जागोजागी बदलते, नदीच्या मुखाजवळ गोडं पाणी मिसळलेलं असेल तर बोट जड होते. हे हाताने करताना पंप चालू-बंद होतो आणि पंपाचा आवाज शत्रूच्या कानात जातो. आवाज न करता हे साधणारी यंत्रणा ज्याने काढली, तो माणूस फार पुढचा म्हणायला हवा.

शिकागोकर:

उशिरा पोचलो. यू-१८० ची धाकटी भावंडं बघायची असतील तर यू-५०५ शिकागोच्या विज्ञान-उद्योग संग्रहालयात आहे. टाइप नऊ-सी. ४ जून १९४४ रोजी आफ्रिकेच्या पश्चिमेला अमेरिकन नौदलाने ती भर समुद्रात जिवंत पकडली, सांकेतिक पुस्तकांसकट. बातमी फुटू नये म्हणून कैद्यांना युद्ध संपेपर्यंत वेगळं ठेवलं.

माझ्या वडिलांना घेऊन गेलो होतो. बाहेरून बोट प्रचंड वाटते आणि आत शिरलं की सगळा अंदाज चुकतो. दाब सोसणाऱ्या हलचा व्यास साडेचार मीटरच्या आतच आहे, त्यातही पायांखाली बॅटऱ्या आणि टाक्या. एका डब्यातून दुसऱ्यात जाताना गोल भोकातून पाय आधी टाकून वाकून जावं लागतं. इंजिनरूममध्ये दोन्ही बाजूंना छातीच्या वर येणारी इंजिनं, मधली वाट एका माणसापुरती. वडील कापडगिरणीत फिटर होते. ते तिथे बराच वेळ उभे राहून व्हॉल्व्ह मोजत होते. आता हा धागा वाचून कळतंय की या वाटेच्या दोन्ही बाजूंना दोनऐवजी सहा इंजिनं असती तर काय झालं असतं.

अनुजा_प:

युरोपात बघण्यासारख्या आहेत का? पुढच्या वर्षी मुलीकडे हॅम्बुर्गला जायचंय.

सिंधुसागर:

आहेत. डी प्रकारातली एकही उरलेली नाही. पण हॅम्बुर्गहून कील जवळ आहे आणि कीलच्या पुढे लाबो गावात, अगदी वाळूवर, यू-९९५ उभी आहे. टाइप सातची जगात उरलेली ती एकमेव बोट, १९७२ पासून आत जाऊन बघता येते. शेजारीच नौदलाचं स्मारक आहे. ब्रेमरहाफेनला टाइप एकवीसची बोट आहे. ती अवश्य पाहा. खऱ्या अर्थाने पाण्याखाली राहण्यासाठी बांधलेली जात, आणि युद्धानंतरच्या जवळपास सगळ्या पाणबुड्यांनी, काकांच्या फॉक्सट्रॉटसकट, तिच्याकडून काही ना काही घेतलं. इंग्लंडला जाणार असाल तर लिव्हरपूलसमोर बर्केनहेडला यू-५३४ आहे, टाइप नऊचीच. १९९३ मध्ये समुद्रतळावरून वर काढली आणि नंतर तिचे आडवे तुकडे केले. त्यामुळे हलचा छेद कसा असतो, आतलं नळकांडं आणि बाहेरच्या टाक्या कशा बसतात, हे तिथे जेवढं स्वच्छ दिसेल तेवढं दुसरीकडे कुठे दिसणार नाही. लाबोला सकाळी लवकर जा, दुपारी आत मुंगीच्या पावलाने सरकावं लागतं.